वॉचमनच्या वहीतलं शहर

पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारं बहुतेक पाणी आधी रावेतला येतं. मावळातल्या पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्याला अडतं. तिथून पंपांनी उचलून ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात नेलं जातं आणि मग शहरभरच्या टाक्यांत पोचतं. रोज पन्नास कोटी लिटरच्या आसपास. दापोडीच्या चाळीतला माठ असो की पिंपळे सौदागरच्या बाराव्या मजल्यावरचा शॉवर, दोघांचीही मदार या बंधाऱ्यावर. आणि तरीही उन्हाळ्यातल्या कुठल्याही संध्याकाळी रावेतच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गेटवर उभं राहावं, तर टँकर आत शिरताना दिसतो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण कोणी केली ठाऊक नाही, पण करणाऱ्याने रावेतची पाहणी केलेली असावी.

टँकर आला की वॉचमन खुर्चीतून उठतो आणि टेबलाच्या खणातून वही काढतो. पट्टीने रेघा मारून पाडलेले रकाने असतात: तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, सही. ड्रायव्हर खाली न उतरता खिडकीतूनच सही करतो. महिनाअखेर सेक्रेटरी ही वही आणि टँकरवाल्याचं बिल शेजारी ठेवून ताळा घालतो; दोन-तीन खेपांचा घोळ बहुधा निघतोच. पुनावळे, ताथवडे, वाकड, मोशी, चऱ्होली, जिथे जिथे गेल्या काही वर्षांत इमारती उठल्या तिथे तिथे अशी वही आहे. शहरात पाणी नेमकं कुठे कमी पडतं, किती पडतं, कुठल्या आठवड्यापासून पडायला लागतं, याची इतकी खरी नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही. खरी अशासाठी, की तिच्यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी पैशाने लिहिलेली असते. वर्ष संपलं की ती रद्दीत जाते.

शहरासाठी घडवलेल्या तंत्रज्ञानावरच्या पुस्तकाची प्रस्तावना खरं तर कॅमेऱ्यांपासून, सेन्सरपासून सुरू व्हायला हवी. त्यांच्याबद्दल पुढे पुष्कळ वाचायला मिळेल. मी वही आधी काढली, कारण मला म्हणायचं आहे ते तिच्यात स्वच्छ दिसतं. शहरातलं एखादं यंत्र लोकांच्या कामाचं आहे की नाही, हे त्याने गोळा केलेली माहिती कोणाच्या हातात पडते आणि तो माणूस तिच्या जोरावर कोणाला जाब विचारू शकतो, यावर ठरतं. वहीतली माहिती सेक्रेटरीच्या हातात पडते, तो टँकरवाल्याला जाब विचारतो, बिल दुरुस्त होतं. तेवढ्यापुरती वही चोख. पण पाणी का आलं नाही, हा जाब तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो विचारायला लागणारी माहिती शहरात आहे. ती दुसऱ्या ठिकाणी असते.

रावेत १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलं. तोवर ही पवनेकाठची शेतं होती. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. म्हणजे शहर मुळात कारखान्यांचं आणि कारखान्यांभोवती वसलेल्या कामगारांचं. द्रुतगती मार्ग झाला, हिंजवडी फुगली, आणि शेतांच्या बांधावर टॉवर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही, माणसं मात्र यायची थांबली नाहीत. पाण्याची सोय होईपर्यंत आम्ही आमच्या खर्चाने पाणी देऊ, अशी बिल्डरांची हमीपत्रं घेऊन इमारतींना परवानग्या मिळत गेल्या. घर घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तसलं हमीपत्र डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नोव्हेंबर २०१९ पासून सगळ्या शहराला दिवसाआड पाणी आहे. तात्पुरता म्हणून आलेला हा नियम आता लहान मुलांना निसर्गनियम वाटत असेल.

या पट्ट्याला यंत्रं नवी नाहीत. चाकण, भोसरी, पिंपरीच्या वाहन कारखान्यांत ज्याने काम केलं आहे त्याला अँडॉन सांगावा लागत नाही. लाइनच्या डोक्यावर टांगलेला दिव्यांचा फलक. हिरवा, पिवळा, लाल. टोयोटाच्या पद्धतीतून जगभर गेला तसा इथेही आला. आपल्या स्टेशनवर काही खटकलं की ऑपरेटर दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, दिवा लागतो, सुपरवायझर येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाइन थांबते. दिवे कुठेही मिळतात. त्या व्यवस्थेतली हुशारी दोन ठिकाणी आहे: फलक कामगारांना दिसेल असा टांगलेला असतो, आणि दोरी ओढायचा हक्क लाइनवरच्या सर्वांत साध्या माणसाला असतो.

आता निगडीच्या कमांड अँड कंट्रोल सेंटरकडे बघा. केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन २०१५ मध्ये सुरू झालं, पिंपरी-चिंचवडची निवड जून २०१७ मध्ये झाली, पुढच्याच महिन्यात त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली आणि मार्च २०२५ अखेर मिशनची मुदत संपली. या काळात शहरभर फायबर टाकली गेली, चौकाचौकांत कॅमेरे आले, इलेक्ट्रॉनिक फलक आले, आणि या सगळ्याचे धागे निगडीत एका भिंतभर पडद्यांपाशी जुळवले गेले. त्या पडद्यांवर शहर दिसतं. ज्याचं चित्र आहे त्या शहराला मात्र पडदा दिसत नाही. रावेतच्या टॉवरमध्ये राहणारे कितीतरी इंजिनिअर दिवसभर कारखान्यात हीच दोरी लोकांच्या हातात देण्याचं काम करतात आणि रात्री घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, ‘उद्या पाणी आहे का? कोणाला काही माहीत?’ खाली तीन अंगठे उमटतात, उत्तर येत नाही.

कारखान्याशी तुलना इथेच सोडून देतो, कारण कारखान्याला आपण काय बनवतो हे माहीत असतं. शहराचं तसं नाही. हार्वर्डचे मार्क मूर यांनी १९९५ च्या आपल्या ‘क्रिएटिंग पब्लिक व्हॅल्यू’ या पुस्तकात नेमका हाच पेच धरला होता. खाजगी कंपनीने बरं चाललंय हे सांगायला नफ्याचा आकडा आहे. सरकारी खात्याने काय दाखवावं? मूर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लोकांना खरोखर हवं असलेलं काहीतरी घडावं, ते घडवायला लोकांची आणि लोकप्रतिनिधींची संमती असावी, आणि ते पार पाडायची खात्यात धमक असावी. आपल्याकडच्या योजनांचे अहवाल वाचले की तिसऱ्या गोष्टीवरच सगळी शाई खर्च झालेली दिसते. किती किलोमीटर, किती नग, किती टक्के काम पूर्ण. कॅमेरे बसले हे कळतं. ते बसल्याने कोणाचं काय सुधारलं, हा रकानाच नसतो.

तो रकाना या शहराने एकदा भरला होता. म्हणूनच टीका करायला जीभ उचलते. श्रीकर परदेशी आयुक्त असताना, १५ ऑगस्ट २०१३ रोजी महापालिकेने ‘सारथी’ सुरू केली. ८८८८००६६६६ हा क्रमांक जुन्या रहिवाशांना अजून पाठ आहे. लोकांच्या लक्षात राहिला तो फोन; त्यामागचं खरं काम पुस्तकाचं होतं. प्रत्येक खात्याने आपल्याकडे लोक काय विचारायला येतात ते प्रश्न लिहून काढायचे आणि खाली उत्तरं लिहायची. जन्मदाखला हवा तर कोणते कागद, किती शुल्क, किती दिवस, कोणाच्या टेबलावर. नळजोड, झाड तोडायची परवानगी, मिळकतीवर नाव लावणं, सगळं. ते छापलं गेलं, संकेतस्थळावर गेलं, मोबाइलवर गेलं, आणि हेल्पलाइनवर बसलेली मुलं त्याच्याच आधारे उत्तरं देऊ लागली.

तंत्र म्हणून यात काय होतं? फोन होता, छापखाना होता, एक बऱ्यापैकी संकेतस्थळ होतं. २०१३ मध्येही कोणाचे डोळे दिपावेत असं काही नव्हतं. अवघड भाग खात्यांकडून लिहून घेण्याचा होता. कार्यालयाची सगळी सत्ता न लिहिलेल्या उत्तरात असते. आज हा कागद कमी आहे, उद्या तो कमी आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत, गुरुवारी या. एकदा ‘हे चार कागद, इतके दिवस’ असं छापून आलं की पाचवा कागद मागायची सोय राहत नाही. खिडकीसमोर उभा असलेला माणूस पान उघडून दाखवू शकतो. शहरासाठी तंत्रज्ञान घडवणं म्हणतात ते मला तरी असंच दिसतं: खात्याला शब्दात बांधायचं आणि तो शब्द ज्याला दिला त्याच्या खिशात ठेवायचा. त्यानंतर माध्यम कागदाचं ठेवा नाहीतर ॲपचं.

परदेशींची बदली फेब्रुवारी २०१४ मध्ये झाली, सारथी मात्र राहिली. अशा सगळ्या तक्रार-यंत्रणांना पुढे जो आजार जडतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मोबाइलवर संदेश येतो, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खिडकीतून बघावं तर खड्डा जागच्या जागी. ‘निकाली’ हे बटण कोणाच्या हातात ठेवायचं, हा निर्णय कुठल्या तरी बैठकीत कोणी तरी घेतलेला असतो, बहुधा फारसा विचार न करता. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात ते दिलं की तक्रारी भराभर मिटतात आणि आलेख देखणा होतो. तक्रारदाराच्या हातात दिलं तर आलेख वर्षभर लाल राहील, आणि खातं हळूहळू सुधारेल. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखंच. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेची मुदत चुकवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, वर अपिलाची सोय आहे. कायद्याने दोरी विणून ठेवली आहे. ती किती ॲपना बांधलेली आहे, हे वाचकाने आपल्या फोनवर स्वतःच तपासावं.

पुन्हा पाण्याकडे येऊ, कारण पाण्यात फसवाफसवी चालत नाही.

नळाला पाणी कधी येणार हे शहरात ज्याला नक्की ठाऊक असतं तो माणूस दुचाकीवरून येतो. गाडीच्या बाजूला हातभर लांब लोखंडी चावी बांधलेली असते. तो चेंबरचं झाकण सरकवतो, चावी आत घालतो आणि फिरवताना मनाशी फेरे मोजतो. कुठल्या गल्लीला किती फेरे, चढावरच्या घरांसाठी किती वेळ जास्त, दाब कमी असेल त्या दिवशी कोणाचं थोडं कापून कोणाला द्यायचं, हे त्याच्या हाताला माहीत असतं. नकाशात ते सापडेलच असं नाही. जुनी वस्ती त्याला नावाने ओळखते. त्याच्यासाठी वाढदिवसाचा केक ठेवणारी घरंही आहेत. टॉवरमधल्या लोकांनी त्याला पाहिलेलंही नसतं.

या माणसाला धरून एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला. हुबळी-धारवाडला पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं. २०११ च्या सुमारास ‘नेक्स्टड्रॉप’ नावाची कंपनी तिथे उभी राहिली. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की एक फोन करायचा, आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा, ‘तासाभरात पाणी येईल.’ इतकी सुंदर, इतकी स्वस्त कल्पना क्वचितच सुचते. पुढे बंगळूरला संशोधकांनी हा प्रयोग नीट पारखला तेव्हा तो अडखळताना दिसला, आणि कारणं तंत्रातली नव्हती. व्हॉल्व्हमनसाठी तो फोन म्हणजे आधीच्या कामावर टाकलेलं एक जादा काम. केला तर त्याला काय मिळणार, आणि वेळ चुकली तर शिव्या कोणी खायच्या? शिवाय घरातला मोबाइल बऱ्याचदा नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. एसएमएस जायचा त्याला. पाणी भरायचं बायकोने. शहरासाठी काही घडवणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्या वर्षी हीच गोष्ट सांगावी असं मला वाटतं. वापरणाऱ्या घराचं चित्र मनात काढताना त्या घरात फोन कोणाचा आहे, एवढंही विचारलं जात नाही.

उलट बाजूला कराडजवळचं मलकापूर. दीड दशकापूर्वी या छोट्या गावाने चोवीस तास पाणी सुरू केलं, घरोघरी मीटर लावले आणि जो जास्त वापरेल त्याला वरच्या टप्प्याचा दर ठेवला. चोवीस तास दिलं तर लोक नळ उघडे टाकतील ही भीती सगळ्यांना असते. घडतं वेगळंच. उद्या येईल की नाही याची धास्ती नसली की माणूस पिंप भरून ठेवत नाही आणि नवं पाणी आल्यावर जुनं ओतून देत नाही. मीटर हे यंत्र आहे. ते चाललं ते गावाने आधी पाण्याचा भरवसा दिला म्हणून. आपल्याकडे मीटर आधी येतं, भरवसा पुढच्या टप्प्यात.

इथवर सगळं शहराच्या हद्दीतलं झालं. रावेतच्या बंधाऱ्यावर उभं राहून नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं की गोष्ट अवघड होते. धरणातून सोडलेलं पाणी उघड्या पात्रातून येतं, वाटेत झिरपतं, उचललं जातं, घाण होतं. मग धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनीच का टाकू नये? अभियंत्याच्या दृष्टीने याला तोड नाही. महापालिकेने २००८ च्या सुमारास तेच हाती घेतलं. मावळच्या शेतकऱ्यांना मात्र त्या नळात आपली नदी जाताना दिसली. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊर गावापाशी द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यात एक स्त्री होती. काम थांबलं, त्यावरची स्थगिती राज्य सरकारने उठवली ती २०२३ मध्ये, बारा वर्षांनी.

यात कोण बरोबर, हा निवाडा मी इथे करणार नाही. पण एक हिशेब पुन्हा तपासावासा वाटतो. प्रकल्प अहवालात वाटेत कमी होणारं पाणी ‘गळती’ या सदरात पडतं. वरच्या गावांत तीच गळती विहिरीला पाझर म्हणून येते, ऊस आणि भात जगवते, गुरांना प्यायला मिळते. हिशेबाची चौकट रावेतपासून सुरू केली तर ते नुकसान आहे, धरणापासून सुरू केली तर ते कोणाचं तरी पीक आहे. चौकट कुठून सुरू करायची हा अभियांत्रिकीचा प्रश्न वाटत नाही, म्हणून तो कोणी विचारत नाही, आणि मग तो रस्त्यावर विचारला जातो. शहराच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलताना शहराबाहेरची माणसं वगळली की काय होतं, याचा इतका जवळचा दाखला असताना आपण परदेशातले दाखले देत बसतो.

तरी एक परदेशी दाखला देतोच. गूगलच्या घराण्यातल्या साइडवॉक लॅब्सने २०१७ मध्ये टोरांटोच्या तलावकाठी सेन्सरनी भरलेली वस्ती उभारण्याची घोषणा केली. तिथल्या नागरिकांचा पहिला सवाल असा: आमच्या चालण्याफिरण्याची ही माहिती कोणाची? समाधानकारक उत्तर काही मिळालं नाही, आणि मे २०२० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. त्याच सुमाराला बार्सिलोनाने ‘डेसिडिम’ नावाची खुली सॉफ्टवेअर-व्यवस्था चालवली. नागरिकांनी त्यावर प्रस्ताव मांडायचे, चर्चा करायची, आणि प्रस्तावाचं पुढे काय झालं हे सगळ्यांना दिसायचं. माहिती कोणाची, हा सवाल आपल्याकडे अजून नीट विचारला गेलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, निगडी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. चर्चा झाली ती नुकसान किती कोटींचं यावर. त्या सर्व्हरमध्ये आपलं काय काय होतं, हे विचारायला कोणी गेट ओलांडून गेल्याचं ऐकिवात नाही.

पूररेषेचं प्रकरण तर अजून ताजं आहे. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले; हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कायदा बरोबर, नदीचा हक्क बरोबर. पण जमीन घेताना रेषेबद्दल आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, असं तिथल्या रहिवाशांचं म्हणणं होतं. रेषा नकाशावर असते. जमिनीवर ती दिसत नाही. रावेतपासून सांगवीपर्यंत पवनेच्या काठाने दर पन्नास पावलांवर एक निळा रंगवलेला दगड रोवला, तर प्लॉट बघायला आलेल्या माणसाला वकील न गाठता कळेल. दगड आणि रंग एवढंच त्याचं तंत्रज्ञान. बजेटात ते बसत नाही, कारण इतक्या कमी खर्चाचं काही बजेटात बसवायची सवय उरलेली नाही.

रावेतवरून जाणाऱ्या सांगवी-किवळे बीआरटीविषयीही असंच म्हणता येईल. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कौतुक झालं ते आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांचं. बिघाडाच्या बातम्याही त्याच दारांच्या येत राहिल्या. त्या थांब्यांवरची खरी करामत कोणाच्या नजरेत भरली नाही: फलाटाची उंची बसच्या तळाइतकी ठेवलेली होती. गुडघे दुखणाऱ्या आजीला पायरी नाही, चाकाची खुर्ची सरळ आत जाते. सिमेंटच्या उंचीला देखभालीचा करार लागत नाही आणि ती हँग होत नाही.

या सगळ्या गोष्टी शेवटी एका कागदावर येऊन ठेपतात, आणि तो कागद म्हणजे टेंडर. आपल्या शहरांचं तंत्रज्ञान टेंडरमध्ये घडतं. डिझायनर नंतर येतो, आला तर. किती कॅमेरे, किती मेगापिक्सेल, किती वर्षांची देखभाल, मग सर्वांत कमी दराचा ठेकेदार. यातल्या कुठल्याच अटीत असं लिहिलेलं नसतं की जमवलेली माहिती दर आठवड्याला मराठीत, साध्या माणसाला वाचता येईल अशी प्रसिद्ध करावी. ठेका संपल्यावर ती महापालिकेकडेच राहावी. व्हॉल्व्हमनला जे माहीत आहे ते त्याला विचारून घ्यावं आणि त्याचे त्याला पैसे द्यावेत. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून सांगतं की सरकारी कार्यालयाने न मागता माहिती जाहीर करावी. टेंडरच्या शंभर पानांत या कलमाला अर्धं पान मिळालं तर या पुस्तकातला निम्मा मजकूर अनावश्यक ठरेल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं करायला लोकप्रतिनिधी असतात की. खरं आहे. नगरसेवकाला फोन लावणं हीच आपल्या शहरांची सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी तक्रार-यंत्रणा. तिच्यात पक्षपात आहे, ओळखीपाळखी आहेत, उपकाराची भाषा आहे; पण तिथे फोन उचलणाऱ्याला पुन्हा मत मागायला दारी यावं लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं ती यंत्रणाच बंद होती. निवडून आलेलं सभागृह नाही, कारभार प्रशासकाकडे. क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा भरायच्या, लोक अर्ज घेऊन रांगेत बसायचे, अधिकारी ऐकून घ्यायचे. वाईट नव्हतं ते. पण स्मार्ट सिटीची बरीच कामं नेमकी याच वर्षांत पुरी झाली, म्हणजे ज्या काळात शहराने सर्वांत जास्त माहिती गोळा केली त्याच काळात ती मागायला सभागृहात कोणी उभा नव्हता.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि नवे नगरसेवक आले. मिशनची मुदत संपलेली असल्यामुळे पडदे, कॅमेरे, फायबर, सर्व्हर सांभाळण्याचा खर्च आता शहराच्याच तिजोरीतून जाणार, आणि दर अर्थसंकल्पात त्यासाठी त्यांना हात वर करावा लागणार. प्रत्येक टाकीत सकाळी सहाला किती पाणी होतं आणि कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, हे निगडीच्या पडद्यावरून काढून क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात रोज लावा, अशी मागणी त्या वेळी एखाद्याने केली तर तिला विरोध करायला प्रशासनापाशी काय कारण असेल, हे ऐकायला मला आवडेल. पहिल्या आठवड्यात आकडे चुकतील. व्हॉल्व्हमन येऊन ते बरोबर करून देतील, आणि सेक्रेटरी वह्या घेऊन भांडायला येतील.